पुढं गेलेली वर्दी

१

पूल झाला आणि दादूची तर, म्हणजे होडीनं नदी ओलांडायची जागा, बंद पडली. तरी सकाळचा चहा झाला की म्हातारा तिथं जाऊन बसतोच. काठावर खुंटा आहे, खुंट्याला बांधायला काही नाही. होडी कुजली, तिच्या फळ्या चुलीत गेल्या. चाळीस वर्षं त्यानं शास्त्री नदीवर माणसं ह्या काठाची त्या काठाला केली, म्हशी केल्या, बाळंतिणी केल्या, एकदा एक वेडा झालेला मास्तर होता तो पण केला. आता पाणी किती चढलं ते बघायचं, थुंकायचं आणि घरी यायचं, एवढाच धंदा उरलाय.

त्या मार्गशीर्षात तेवढंही धड करता येईना. मुंबईहून नात आली होती, शमिका, पंधरा दिवसांची रजा घेऊन. टेम्पोतून दोन भगव्या प्लास्टिकच्या होड्या उतरवून तिनं पडवीत ठेवल्या. दादूला आता आपल्याच घरात आडवं चालायची पाळी आली.

"ह्याला काय म्हणतात?"

"कायाक म्हणतात, आबा."

"आमच्याकडं परात म्हणतात. हिच्यात बसून तू जयगडला जाणार?"

"मी आणि माझी मैत्रीण संस्कृती. चार दिवस. तीन मुक्काम, तंबू टाकून."

"मग तंबूच घेऊन जा. पाण्यात काय कडमडायचंय?"

शमिका हसली नाही. ती का जाणार ते दादूला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिचा बापूस संदेश एकवीस वर्षांपूर्वी ह्याच वाटेनं होडी घेऊन खाली गेला तो आलाच नाही. होडी सापडली नाही, वल्हं सापडलं नाही, तो तर नाहीच. पोर तेव्हा पाच वर्षांची. आवस तिला घेऊन मुंबईला माहेरी गेली आणि मरेपर्यंत कपाळावर कुंकू लावत राहिली. शाळेच्या फॉर्मावर बापाच्या नावामागं 'कै.' लिहायचं की नाही, ह्यावर मायलेकींचं दर जूनला भांडण व्हायचं. आवशीनं कधी लिहू दिलं नाही.

"मला एकदा ते पाणी बघायचंय," शमिका म्हणाली. "बघितलं की मग लिहीन."

पोरगी बापाच्या हट्टाची. नाही म्हटलं तर न विचारता जाईल आणि चिखलात रुतून मरेल. त्यापेक्षा नीट सांगितलेलं बरं, असं दादूनं ठरवलं. रोज सकाळी ती पडवीत वही उघडून बसायची आणि हा तिला नदी सांगायचा. अवसेला-पुनवेला आपल्या तरीवर दीडच्या सुमाराला पाणी भरतं, मग रोज पाऊण तास पुढं. पंचमीला उजाडता उजाडता भरती असेल, ती उलटली की निघायचं, सुकतीबरोबर. पाणी उतरतं तिकडं जायचं, पाण्याशी भांडायचं नाही. दहा वाजले की मुकाट काठाला लागायचं.

"हे मोबाइलमध्ये पण दाखवतं, आबा."

"मग त्यालाच इचार, चिखल कुठं कंबरभर हाय आणि कुठं गळाभर."

ती गप लिहायला लागली. मंगळवारी तिनं पहिला मुक्काम लिहिला. काशीरामची तर.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काशीरामला फोन लावला आणि दादूला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. काशीराम दादूच्याच वयाचा, एके काळचा तरवाला. आता त्याच्या तरीवर वाळूचे ढिगारे आणि कुत्री.

"काका, मी दादू आबांची नात. आम्ही दोघी पंचमीला..."

"ठावं हाय गो. वर्दी मिळाली."

शमिकानं दादूकडं बघितलं. दादूनं फोनकडं.

"कसली वर्दी?" दादू म्हणाला.

"दोन पानं. पंचमीला, सुकतीबरोबर. तुझा माणूस सांगून गेला काल सांजच्याला. चुलीचे तीन दगड पण मांडून गेलाय काठाला. मी म्हटलं, दादू सुधारला का काय. आता कोण वर्दी देतो?"

"मी कोणाला धाडला न्हाय."

"मग काय गणपती आला होता?"

"कोण होता?"

"तोंड कोण बघतो. मी मळ्यात होतो, त्यानं पाण्यातनंच हाळी दिलान. बारकी होडी होती, लाकडाची. बरं वाटलं बघ. लाकडाची होडी बघून किती वर्षं झाली."

फोन ठेवल्यावर शमिका म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना कुणाला? बरं केलंत. पण मला सांगायचं तरी."

"तूच सांगितलंस. त्या मोबाइलवर टाकलं असशील."

दोघं एकमेकांवर रागावली आणि प्रश्न तिथं मिटला. पण दुपारी जेवताना दादूचा घास दोनदा हातात राहिला.

३

वर्दी काय ते सांगायला हवं, कारण पुलाबरोबर तीही गेली. पूर्वी इकडची लग्नं पाण्यातनं जायची. वऱ्हाड चार-पाच होड्यांचं, सोबत म्हातारी, लेकरं, वाजंत्री. वाटेत तरीतरीवर थांबायचं, तिथल्या माणसांनी पाणी द्यायचं, जेवू घालायचं. आता चाळीस माणसं अचानक दारात उभी राहिली तर कोण जेवू घालील? म्हणून वऱ्हाडाच्या आधी एक माणूस एकटा होडी घेऊन पुढं निघायचा. प्रत्येक तरीला लागायचा, पानं किती ते सांगायचा, चुलीचे दगड मांडायचा आणि पुढच्या तरीला जायचा. त्यानं कुठं जेवायचं नाही. वऱ्हाड शेवटच्या तरीला लागलं की त्यांच्याबरोबरच त्यानं पान घ्यायचं. तोवर उपाशी.

आणि वऱ्हाड काही कारणानं निघालंच नाही, तर मागून दुसऱ्यानं जाऊन त्याला गाठायचं आणि माघारी आणायचं. ह्याला वर्दी फिरवणं म्हणत. हे करावंच लागे. नाहीतर तो बिचारा तरीतरीला खोटी पानं सांगत खाली जाणार आणि शेवटच्या तरीला बसून राहणार.

दादूच्या तरीची वर्दी संदेश न्यायचा. त्याचा आवाज चांगला होता. ह्या काठावरनं घातलेली हाळी पलीकडच्या डोंगराला लागून परत यायची.

त्या बुधवारी दादू दुपारी तरीवर गेला नाही. पडवीत आडवा झाला, कायाकांच्या पलीकडं. ऊन कौलांवर तापत होतं. पाणी उतरायला लागलं की काठाचा चिखल फुटफुट आवाज करतो, तो घरापर्यंत येतो. जन्मभर ऐकलेला आवाज. त्याच्यामागून दुसरा एक आवाज आला. लाकडावर लाकूड. एकदा. मग पुन्हा, तेवढ्याच वेळानं. वल्हं होडीच्या कडेला घासतं तसा.

कोणी मासे धरणारा असेल, दादूनं स्वतःला सांगितलं. पण मासे धरणारे आता इंजिन लावतात. मग आंब्याची फांदी कौलाला घासत असेल. उठून बघितलं तर वाराच नव्हता. आवाज थांबला होता. वही उघडी पडली होती आणि डोळ्यांपाशी धरली तर तिच्यात शमिकाच्या बारीक अक्षरात दुसरा मुक्काम लिहिलेला होता. चिमाबायचं घर, कांदळवनामागं.

४

चिमाबाय म्हणजे नव्वदीला टेकलेली म्हातारी. तिला फोन करायचा म्हणजे शेजारच्या सुनेला करायचा आणि मग कोंबड्यांचा आवाज ऐकत थांबायचं. गुरुवारी शमिकानं तो केला. चिमाबाय फोनवर आली ती आधी रडायलाच लागली.

"काय झालं, आजी?"

"काय न्हाय गो. दादू हाय का तिथं? त्याला दे."

दादूनं फोन घेतला आणि पहिल्यांदाच तो पडवीबाहेर घेऊन गेला.

"चिमे, बोल."

"दोन पानं," चिमाबाय म्हणाली. "सकाळी आला. दगड मांडलान. मी पाणी नेलं तांब्यातनं, न्हाय घेतलान. म्हटलं, बाबा, उन्हाचा आलास, घे. मान हलवलान. वर्दीवाला पाणी तरी घेतो, दादू. जेवत न्हाय, पण पाणी घेतो."

"कोण होता?"

पलीकडं कोंबड्याच ओरडत राहिल्या.

"चिमे, कोणासारखा दिसला?"

"मी म्हातारी झालेय. मना ते इचारू नको," ती म्हणाली. "पोरीला सांग, येऊ नको. न्हायतर सांग, ये. मना कळत न्हाय बघ."

शमिका दारात उभी होती. काय म्हणाली म्हणून तिनं विचारलं. दादू म्हणाला, "दगड मांडलेत म्हणाली. सरपण सुकं हाय." आयुष्यात तो कमी खोटं बोलला असेल असं नाही, पण त्या दिवशी खोटं बोलताना त्याला धाप लागली.

रात्री जेवताना तिनं तिसरा मुक्काम लिहिला. मशिदीमागची पुळण. अंथरुणावर पडून दादूनं डोकं चालवलं. दुसरी शिकलेलं डोकं, पण चाळीस वर्षं खोटारड्या माणसांना नदीपार करून तरबेज झालेलं. कोणीतरी चेष्टा करतंय. पोरगी लिहिते, त्या संस्कृतीला फोन करून वाचून दाखवते, ती आणखी कोणाला सांगते, आणि एखादा टवाळ लाकडाची होडी घेऊन मजा मारतोय. ह्या हिशोबात चिमाबायचं रडणं बसत नव्हतं. ते त्यानं बाजूला ठेवलं.

सकाळी शमिका आंघोळीला गेली तेव्हा त्यानं वही ओढली. मशिदीमागची पुळण पेन्सिलीनं खोडली आणि खाली, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत लिहिलं: भिकूचा धक्का.

भिकूचा धक्का चिऱ्याच्या खाणीखाली आहे. तिथं कोणी थांबत नाही. आणि भिकूशी दादूचं आठ वर्षं बोलणं नव्हतं, एका फणसाच्या झाडावरून. हे नाव कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. वही मिटून त्यानं ती उशाखाली घातली. शमिकानं विचारलं तेव्हा म्हणाला, माहीत नाही, उंदरानं नेली असेल.

त्या दिवशी कोणी कुठं फोन केला नाही. दादूनं स्वतःला पान खायला दिलं. पकडला, असं त्याला वाटलं.

५

शनिवारी अवस होती. त्यात काही नाही, अवस महिन्याला एकदा येतेच. पाऊण वाजला असेल, दादूचाच जुना फोन वाजला.

"आठ वर्षांनी तोंड उघडलंस," भिकू म्हणाला, "ते पण दुसऱ्याच्या तोंडानं."

दादू खाली बसला. बसला तो कायाकवर बसला, ती करकरली.

"स्वतः फोन केला असतास तर मी काय खाल्लं असतं तुला? असो. पोरगी आपली हाय, तिचं करू आम्ही. पण एवढी एकटी कशाला धाडतोस तिला?"

"एकटी कुठं? दोघी हायत."

"तुझा माणूस म्हणाला एक पान. मी म्हटलं, बाबा, घरात दोन माणसांची भाकरी हाय, दोघं असली तरी चालतील. तर बोट दाखवलान. एक."

"कधी?"

"आत्ता. इकडं खाली सुकती लवकर लागते, लागली तशी गेला पुढं. पाच मिनिटं झाली नसतील. अजून वळणावर दिसत असेल, थांब, बघतो." भिकूची चप्पल चिऱ्यांवर वाजत गेली. मग ती थांबली. "दादू," भिकू म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला फणस गेला होता, "तुझा संदेश कुठल्या साली गेला रे?"

दादूनं फोन ठेवला नाही. तो हातातनं खाली आला एवढंच.

६

शमिका चुलीपाशी होती. दादूनं वही उशाखालनं काढून तिच्यापुढं टाकली. आपलं अक्षर दाखवलं. मग काशीराम, चिमाबाय, भिकू, सगळं सांगितलं, जसं झालं तसं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू राग चढत होता. म्हातारा आपल्याला अडवायला गोष्ट रचतोय असं तिला वाटत होतं, आणि वाटणारच.

"मला भीती घालू नका, आबा. जायचं नाही तर नाही म्हणा."

"वऱ्हाड नव्हतं," दादू म्हणाला.

"काय?"

"तुला सांगितलंय की बाप वऱ्हाडाच्या पुढं गेला आणि वाऱ्यात सापडला. तेवढंच सांगितलंय. वऱ्हाड निघालंच न्हाय त्या दिवशी. नवरीचा आजा सकाळी मेला. सुतक लागलं. तोवर तुझा बापूस पुढं गेलेला, पण फार न्हाय. काठाकाठानं कोणी पळत गेला असता तरी काशीरामच्या तरीवर गाठला असता. सगळे म्हणाले, दादू, वर्दी फिरव."

"मग?"

"मी म्हटलं, जाऊ दे."

चुलीवर भात होता. तो लागल्याचा वास यायला लागला. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"सकाळी आमचं भांडण झालेलं. तो म्हणाला, मी होडी सोडतो, मुंबईला कारखान्यात लागतो. माजं डोकं फिरलं. म्हटलं, एक दिवस फिरू दे उपाशी, खोटी पानं सांगत. हसतील लोक, येईल वठणीवर. एक दिवस, गो. संध्याकाळला वारा सुटला. वैशाखातला वारा. पोरगा खालच्या तरीला वऱ्हाडाची वाट बघत बसला असेल, न्हाय आलं म्हणून होडी घेऊन शोधायला निघाला असेल. मला काय ठावं. कोणालाच न्हाय ठावं."



"त्यांना कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"न्हाय."

"एकवीस वर्षं."

"न्हाय सांगितलं."

तिनं आवाज चढवला असता तर दादूला बरं वाटलं असतं. ती उठली, भात उतरवला आणि संस्कृतीला फोन लावला. जायचं रद्द झालंय म्हणाली. का, तर तिसऱ्या मुक्कामाला एकाचीच सोय आहे. "एकाची? म्हणजे मी उपाशी मरायचं काय?" संस्कृती पलीकडून हसत म्हणाली. मग इकडून कोणी हसेना, तेव्हा तीही थांबली.

वहीत शमिकानं सगळं खोडलं, पहिल्या ओळीपासून जयगडपर्यंत. दादू बघत होता.

"खोडून काय होतंय?" तो म्हणाला. "तो पुढं गेलाय. कोणीतरी जायला हवं."

तिनं शेजारच्या घरातनं मागून आणलेल्या स्कूटीची चावी खुंटीवरून घेतली.

७

संगमेश्वराकडून जयगडला रस्ता डोंगर चढतो, उतरतो, परत चढतो. नदी सरळ जाते. शमिका वेगानं चालवत होती. मागं बसून दादूच्या हाडांचा खुळखुळा झाला, तरी त्यानं एकदाही हळू चालव म्हटलं नाही. वाटेत त्याचं मन त्याला समजावत होतं. भिकू दारू पितो. चिमाबायला दिसत नाही. काशीरामनं तोंड बघितलेलं नाही. तिघांनी मिळून काय सिद्ध होतं? काही नाही. तू म्हातारा आहेस आणि पोरीला दुपारच्या उन्हात उगाच फिरवतोयस. हे सगळं खरं होतं. त्याचवेळी ओठ आपोआप हलत होते. वर्दी फिरवताना म्हणायचे शब्द साधे आहेत, मुद्दाम पाठ करायला लागत नाहीत, पण तो पाठ करत होता.

खालची, शेवटची तर जयगडच्या थोडी अलीकडं आहे. तिथून पलीकडं बंदराच्या क्रेन दिसतात. धक्का ओस होता, कडेला फाटकी जाळी, आणि सुकती अशी चालली होती की धक्क्याचे दगड एकेक करून वर येत होते. अवसेचं पाणी, त्याला ओढ भारी.

"तिथं," शमिका म्हणाली.

होडी तरीवरून आधीच पुढं गेली होती. शंभर हात असेल. अरुंद, काळी, लाकडाची. सूर्य तिच्या पुढं होता आणि पाण्यावर नुसता चकाकत होता, त्यामुळं आत बसलेला माणूस म्हणजे पाठ आणि डोकं, एवढंच. तो वल्हवत होता. घाईत नव्हता. वल्हं पाण्यातून वर यायचं, पुढं जायचं, परत पाण्यात जायचं, आणि मग बऱ्याच वेळानं लाकडाचा आवाज यायचा. फार उशिरानं. डोंगरावर कोणी लाकूड फोडताना दिसतं, कुऱ्हाड वर गेल्यावर ठोका ऐकू येतो, तसा. पण शंभर हातावरच्या होडीचा आवाज असा येत नाही. दादूला हे चाळीस वर्षांच्या सवयीनं कळत होतं.

तो चिखलात उतरला. गुडघाभर गेला.

"फिर रे," त्यानं हाळी घातली. "वर्दी फिरली. वऱ्हाड न्हाय येत. फिर."

वल्हं वर आलं, पुढं गेलं, पाण्यात गेलं.

"संदेशा. मी सांगतोय, फिर. कोणी येत न्हाय. घरी चल."

होडी तशीच चालली होती. त्याचा आवाज पुरला नसेल. ह्या वयात पुरत नाही. पण पाण्यावरनं आवाज जातो, चिमणीचा पण जातो, हे त्याला माहीत होतं. त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली ती फुटली आणि खोकल्यात गेली. होडीतल्या माणसाची मान जरासुद्धा हलली नाही. ऐकू न आलेल्या माणसाची मान अशी नसते. ताठ.

मग त्याच्या मागून शमिकानं हाक मारली.

काय म्हणायचं तेच तिला ठाऊक नव्हतं. ज्याला पाच वर्षांची असल्यापासून हाक मारलेली नाही त्याला काय म्हणतात? ती आधी काहीतरी अर्धवट ओरडली. मग म्हणाली, "बाबा." मोठ्यानं नाही. घरात माणूस पलीकडच्या खोलीत असावा एवढ्यानंच.

वल्हं हवेतच थांबलं.

होडीला सुकतीनं आडवं केलं. त्याची पाठ सरकली, खांदा आला, आणि त्या माणसानं मान वळवली. दादूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन कर म्हणून पोरगी दोन वर्षं मागं लागली होती, हा ऐकत नव्हता. त्याला पाण्याची चकाकी दिसली आणि तिच्या मधोमध माणसाएवढा काळोख. त्यानं डोळे चोळले, परत उघडले, तर चकाकीच होती. मग लाकडाचा आवाज. तो आता दुसऱ्या बाजूनं येत होता, पलीकडच्या काठाकडून, कांदळाच्या मागून, वरच्या अंगाला. एवढ्या सुकतीत वर कोणी वल्हवू शकत नाही. आवाज सरळ एका चालीनं वर गेला आणि वळणापलीकडं बंद झाला.

शमिकानं त्याला काखेत धरून चिखलातून बाहेर काढलं. धक्क्याच्या दगडावर बसवलं. त्याच्या पायावर पाणी ओतायला हवं होतं, पण तीही बाजूला बसली. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते.

"ते माझ्याएवढेच आहेत, आबा," ती म्हणाली.

दादूनं मान हलवली. गेला तेव्हा संदेश सव्वीसचा होता. पोरगीही सव्वीसचीच.

"काय बोलला काय?"

"नाही."

"चेहरा..." त्यानं सुरुवात केली आणि सोडून दिली. जे विचारायचं होतं ते दुसरंच होतं. ते जिभेवर यायला क्रेनच्या सावल्या पाण्यात लांब व्हाव्या लागल्या.

"माज्याकडं बघितलान काय?"

"हो," शमिका म्हणाली.

फार पटकन म्हणाली. नदी पार करून द्या, पलीकडं आई मरायला टेकलीय, असं खोटं सांगणारी माणसंसुद्धा एवढ्या पटकन बोलत नाहीत. दादूनं ते ओळखलं. चाळीस वर्षं त्यानं असल्या माणसांना होडीत घेतलं होतं, खोटं आहे हे कळून घेतलं होतं. हेही त्यानं घेतलं.

"बरं झालं," तो म्हणाला.

सुकती संपली. पाणी जागच्या जागी उभं राहिलं, मग कडेचा पाचोळा एक वीत वरच्या अंगाला सरकला. भरती लागली. वर जाणाऱ्याला आता नदीनंच नेलं असतं, काशीरामच्या तरीपर्यंत, तिथून पुढं पुलाखालून, घरापाशी. त्या दोघांनाही तिकडंच जायचं होतं. ऊन उतरत होतं, स्कूटीचा दिवा नीट लागत नाही, उजेड आहे तोवर निघायला हवं होतं. चावी शमिकाच्या मुठीत होती. ती म्हाताऱ्याकडं बघेना आणि म्हातारा तिच्याकडं बघेना, आणि चला घरी असं दोघांपैकी कोणीच म्हणेना.